काकडीला सुटलेलं पाणी

मला पाहायला आष्टीहून माणसं यायची होती आणि मला जायचं होतं औरंगाबादच्या कॉलेजात. वडिलांनी सरळ सांगितलं होतं, पसंती आली तर लग्न, नाही आली तर बघू. त्या ‘बघू’वर माझी सगळी भिस्त होती.

मुलीच्या हातचं काहीतरी पंगतीत वाढायचं, अशी आमच्या जुन्या जालन्यात रीत. माझ्या वाट्याला काकडीची कोशिंबीर आली. आईनं बजावलं, "मीठ आधी टाकू नको. पानं मांडली की मंग टाक. समजलं?"

मला तिच्यापेक्षा जास्तच समजलं होतं. निजामी नुकतीच संपलेली, आमचे विज्ञानाचे मास्तर उर्दूत शिकलेले. पेशीच्या पातळ पापुद्र्याला ते झिल्ली म्हणत. बाहेर खारं झालं की झिल्लीतून आतलं पाणी बाहेर धावतं, हे त्यांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. दारात टांगा थांबला आणि मी मूठभर मीठ काकडीत कालवून वर झाकण ठेवलं.

पंगत बसेपर्यंत पातेल्यात तळं झालं होतं. कोशिंबिरीचं पाणी पत्रावळीवर पुऱ्या भिजवत, जिलबीला वळसा घालून थेट मुलाच्या काकांच्या धोतरावर उतरलं. "पोरीला बिलकुल अंदाज न्हाई," काका म्हणाले. दाराआड मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात मुलाची आई स्वयंपाकघरात आली. पातेल्यात बोट बुडवून तिनं चाखलं.

"मीठ आधीच टाकलंस."

"चुकून पडलं."

"चुकून न्हाई. मी बी टाकलं होतं माझ्या टायमाला. मला बी शाळा सोडायची नव्हती." बाई हसल्या. "मला बघायला आलेले सगळे ते पाणी भुरकून पिऊन गेले अन् वरून पसंती कळवली. त्यांच्या घरात पातळच आवडतं म्हणे. अजून तसलीच करून राह्यले."

मला हसू फुटलं आणि लगेच लाज वाटली. बाई बाहेर गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोरीच्या हाताला चव न्हाई. दुसरी बघू."

आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

पुढे कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवून मी मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. प्रत्येक पेशीत आतला ऐवज भिंत सोडून हळूहळू आकसत गेला. हे त्या बाईंनी पाहायला हवं होतं, असं वाटलं आणि डोळे भरून आले.

"कांदा झोंबला का गं?" शेजारच्या मुलीनं विचारलं.

मी हो म्हटलं.