तेरा मात्रांचं सोपं गाणं

३ फेब्रुवारी २०१२ रोजी स्टुडिओवाल्याला ६८,४५० रुपये रोख मोजून चौघांनी आपला चौथा अल्बम ताब्यात घेतला. त्यांतला ड्रमवाला पोटासाठी पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीन चालवायचा. दोन्हीकडे ठोकाठोकच, म्हणून त्याचं नाव ठोक्या पडलं.

त्यांचं संगीत प्रोग्रेसिव्ह मेटल. कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी, वीस-वीस मिनिटांची गाणी आणि ताल इतका वाकडा, की चाहते बोटांवर मात्रा मोजत बसत. मोजताना चुकले की खूश! चौथ्या अल्बममध्ये मात्र गाणी पाच मिनिटांची झाली, चाली गुणगुणता येऊ लागल्या. जुन्यांनी नाकं मुरडली, नव्यांपर्यंत तो पोचलाच नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

यंदा बँडला पंचवीस वर्षं झाली. कार्यक्रमाचा कारभार ठोक्याच्या मेहुण्याकडे होता. बँडचा सर्वांत जुना चाहता तोच. सरावाच्या खोलीत त्याने गाण्यांची यादी वाचली. चौथ्या अल्बममधलं एकही गाणं तीत नव्हतं.

"भावजी, तो काळ विसरा. एक-दोन-तीन-चार, बालवाडीचा ताल! मी तर मंचावरून माफीच मागणार आहे."

ठोक्याचं डोकं सणकलं. "कुणाची माफी? आठ महिने एक सुट्टी घेतली नाही मी त्यासाठी! लाव त्या अल्बममधलं पहिलं गाणं. पायाने मोज."

"अहो, आत्ता कुठे..."

"मोज म्हणतो ना!"

गाणं लागलं. मेहुण्याने चाराच्या हिशेबाने पाय आपटला आणि चौथ्या खेपेला तो भलतीकडेच पडला. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच.

"तेरा आहेत," तो पुटपुटला.

"बारा वर्षं तेराच आहेत! वाकडं वाजवून कुणीही टाळ्या घेतो रे. वाकडं असून सरळ ऐकू यावं, याला कसलेला हात लागतो. तुम्हाला ते सोपं वाटलं, म्हणून तुम्ही मोजलंच नाही!"

बाकीचे तिघे माना खाली घालून वायरी गुंडाळत होते. त्यांना तर तेरा पहिल्यापासून ठाऊक होते.

"खरं आहे, भावजी. पण यादी छापून गेलीय."

"मग ड्रमवर तूच बस," ठोक्या म्हणाला. झांजा पिशवीत कोंबून तो निघून गेला.

यादी बदलली नाही. ठोक्या कार्यक्रमाला गेला नाही.

सरावाच्या त्या दिवसाच्या खोलीभाड्यातले आपल्या वाट्याचे एकशे वीस रुपये त्याने अजून दिलेले नाहीत.