निळ्या फुलांचा कप

सुनीताचा फोन आला त्या सकाळी मी यमुनाबाईंवर चिडलेली होते. सलग दोन दिवस खाडा, निरोप नाही, मोरीत भांड्यांचा ढीग, आणि मला साडेदहाला शाळेत पोचायचं होतं. सुनीता म्हणजे त्यांची सून. तिचं नाव दिसताच मी मनात वाक्य जुळवलं, ‘निदान कळवायचं तरी.’ ते तोंडातून निघायच्या आत ती म्हणाली, ‘‘मॅडम, आई गेली. दोन दिवसांपासून बरं नव्हतं. सकाळी दवाखान्यात नेऊन राहिलो होतो, तं रस्त्यातच...’’ मी काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर माझी नजर आधी मोरीकडे गेली, हे मात्र स्वच्छ आठवतं. लिहायला लाज वाटते. पण दीड महिना झाला, मन एका जागी बसत नाही, आणि लाज झाकून लिहायचं असेल तर न लिहिलेलंच बरं.

लाखनीतल्या आमच्या घरी यमुनाबाई सतरा वर्षं येत होत्या. हायवे ओलांडून, उभ्या ट्रकांमधून वाट काढत, बरोबर सातला. माहेर करडी गावचं, धानाच्या शेतांतलं. त्यामुळे रोवणीच्या दिवसांत त्यांचे हात आमच्या भांड्यांत आणि जीव तिकडच्या चिखलाच्या बांध्यांत असायचा. बोलणं मोजकं, पण टोमणा अचूक. माझ्या पोळ्या बघून म्हणायच्या, ‘‘बाई, शाळेत भूगोल शिकवता न तुमी? नकाशे चांगले येते तुमाले.’’ माझी मुलगी त्यांच्या मांडीवर मोठी झाली. तिला ताप आला की ती माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे हात पसरायची. मला त्याचा हेवा वाटायचा, आणि सोयही वाटायची.

त्यांचा कप मागच्या अंगणात असायचा. भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात तो कान तुटलेला पांढरा कप. सासूबाईंनी तो तिथे ठेवला होता. का, ते कुणी कधी बोललं नाही. आमच्याकडे जात तोंडाने उच्चारायची गरज पडत नाही, ती भांड्यांना ठाऊक असते. मी वरून चहा ओतायचे, त्या पायरीवर बसून प्यायच्या, विसळून कप परत कोनाड्यात. सासूबाई गेल्या. त्यानंतर घर माझंच होतं, कुणी अडवणारं नव्हतं, तरी कप तिथेच राहिला. शाळेत मी समतेवर भाषणं करत होते, आणि बरी करत होते.

दोन वर्षांपूर्वी, सुट्टीत आलेल्या मुलीने टीव्हीवर एक परदेशी सिनेमा लावला. हिंदीत होता. गोऱ्यांच्या घरात राबणाऱ्या एका काळ्या बाईची गोष्ट. ती मालकिणीचं पोर वाढवते, घरादाराचं रांधते, आणि स्वतः मागच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेली आपली पत्र्याची ताटली काढून तिथेच जेवते. मी म्हटलं, ‘‘यमुनाबाई, राहू द्या ते काम, या बघायला.’’ त्या सुपात तांदूळ घेऊन दाराशी बसल्या आणि निवडता निवडता बघू लागल्या. मी सोफ्यावर बसून पदराने डोळे पुसत होते. त्या जमिनीवर बसल्यात, हे तेव्हा मला दिसलंसुद्धा नाही. त्या रडल्या नाहीत. सिनेमा संपल्यावर खडे मुठीत घेऊन उठल्या आणि एवढंच विचारलं, ‘‘ते ताटली तिनं घरून आणली होती, का मालकिनीनं देली?’’

‘‘मालकिणीनं दिली असेल,’’ मी म्हणाले.

‘‘हं,’’ म्हणाल्या, आणि खडे टाकायला अंगणात गेल्या.

त्या ‘हं’ने माझी झोप उडवली. मी पेटलेच. कोनाड्यातला कप कचऱ्यात टाकला आणि त्याच दिवशी भंडाऱ्याला जाऊन, दुकानं पालथी घालून नवा घेतला, निळ्या फुलांचा, सोनेरी काठाचा. घरातल्या आमच्या कपांपेक्षा भारी. शिक्षकांच्या खोलीत ही हकिगत मी नंतर रंगवून सांगितली, तेव्हा दोघी-तिघींनी माझं कौतुकही केलं. कप आणल्याच्या दुसऱ्या दिवशी यमुनाबाई कोनाड्यात हात घालून शोधत होत्या. ‘‘माहा कप कोठी गेला जी?’’ मी थाटात नवा कप पुढे केला आणि म्हणाले, ‘‘हा घ्या. हा फक्त तुमचा. याला घरातलं दुसरं कुणी हात लावणार नाही.’’

आता हे वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा मला ते फार प्रेमाचं वाटलं होतं. त्यांनी कप फिरवून फिरवून पाहिला. चहा प्यायल्या, विसळला, आणि कोनाड्यात ठेवला. मी म्हटलं, ‘‘अहो, आत ठेवा ना.’’ त्या म्हणाल्या, ‘‘राहू द्या जी, सापडते सकाळी.’’ मी पुन्हा म्हटलं नाही.

आठवड्याभरात तो कप त्या घरी घेऊन गेल्या. म्हणाल्या, फुटून जाईल इथं. आणि चहा सोडला. ‘‘पित्त होते जी चहानं.’’ मी मान्य केलं. वर पथ्यावर चार उपदेशही केले. शेवटची दोन वर्षं त्या आमच्याकडे एक घोटही चहा प्यायल्या नाहीत, आणि मला वाटत राहिलं, बाईंची तब्येत नाजूक झाली.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. सतरा वर्षांत पहिल्यांदा. सुनीताने चटई टाकली, सगळ्यांना चहा दिला, मलाही. त्याच स्टीलच्या पेल्यांतून, ज्यांतून तिची लेक पीत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, पित्ताचा त्रास फार होता ना त्यांना. सुनीता माझ्याकडे बघतच राहिली. ‘‘पित्त? आईले? दिवसातून पाच डाव चहा लागे त्याईले. सकाळी तुमच्याकडे जायच्या आंधी दोन पेले पिऊन जाये.’’

फळीवर देवाच्या फोटोशेजारी निळ्या फुलांचा कप होता. त्यात पिना, बटणं, सुईदोरा. मी विचारलं, यातून कुणी पीत नाही? सुनीता सहज म्हणाली, ‘‘आईनं पिऊच नाई देलं. म्हणे, आपल्या घरी कोनाचा कप अलग नाई राहात. मंग पिना ठेवून देल्या.’’ तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी कप मागितला. तिने पिना ओंजळीत ओतल्या, कप पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. ‘‘न्या न जी. तुमचाच तं हाये.’’

यमुनाबाई, मला तुमची माफी मागायची होती, आणि कशाची मागायची ते तुम्ही गेल्यावर कळलं. तुम्ही भांडला असतात तर... पण भांडून तुमचं काम गेलं असतं, हे मला कळायला हवं होतं. तुम्ही फक्त चहा सोडलात.

परवा नवीन बाई कामावर आली. मी चहा ठेवला, तिने ओट्यावरच्या कपांकडे पाहून विचारलं, ‘‘माहा कोनता जी?’’ मी म्हटलं, कोणताही घ्या. ती घुटमळली, मग सगळ्यात टवका उडालेला उचलला. प्यायली, विसळला, आणि न सांगता कप घेऊन मागच्या दाराकडे वळली. यमुनाबाईंनी ‘राहू द्या जी’ म्हटलं तेव्हा मला किती हायसं वाटलं होतं, ते तिच्या पाठीकडे बघताना आठवलं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी तिला हाक मारली, तिच्या हातून कप घेतला आणि ओट्यावर निळ्या फुलांच्या कपाशेजारी उपडा घातला. ती माझ्याकडे बघत होती, आपलं काय चुकलं म्हणून.