ओळखीचा मॅगपाय

क्लॅरी हेंडरला पाट्यांचा राग होता. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या काठाने सायकलची वाट झाली आणि वळणावळणाला हिरव्या पाट्या ठोकल्या गेल्या, तेव्हापासून हा म्हातारा खाटीक पाटी दिसली की नाक मुरडायचा. "नदी डाव्या हाताला आहे, हे सांगायला पाटी? आंधळ्यासाठी लावली असेल, तर तो वाचणार कशी?" मेलबर्नहून घट्ट चड्ड्या घालून येणारे सायकलवाले तर त्याच्या लेखी माणसांत जमाच नव्हते.

सप्टेंबरातल्या त्या रविवारी मात्र त्याच वाटेने बंधाऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं होतं, आणि तेही मुलीच्या, लिओनीच्या, देखरेखीखाली. हिवाळ्यात बाप सायकलवरून पडला होता. आता दिवसभर न पडता चालवून दाखवायची. पडला, तर घर विकायचं आणि बेंडिगोला तिच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत राहायला जायचं, अशी तिची अट होती. वर हेल्मेट. क्लॅरी जन्मभर फेल्टची टोपी घालून सायकल हाकत आला होता आणि हेल्मेटची सक्ती असूनही गावचा पोलीस ते बघून न बघितल्यासारखं करायचा. लिओनीने त्याला टोपीला हातही लावू दिला नाही.

"पातेलं घातलंय डोक्यावर," तो कुरकुरला. मग त्याचं लक्ष तिच्या हेल्मेटकडे गेलं आणि तो खो खो हसत सुटला. तिकडे सप्टेंबरात वसंत असतो आणि वसंतात काळेपांढरे मॅगपाय पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्यांच्या डोक्यावर झडप घालतात, म्हणून तिने हेल्मेटवर प्लास्टिकच्या पट्ट्या साळिंदराच्या काट्यांसारख्या उभ्या खोवल्या होत्या.

"हे शहरी चाळे! इथला मॅगपाय मला ओळखतो. माझ्या हातचा खिमा खाऊन वाढलाय तो."

"बाबा, पक्षी आहे तो. गिऱ्हाईक नाही."

"गिऱ्हाइकापेक्षा बरा. चरबी फार आहे म्हणून तोंड वाकडं करत नाही."

सकाळ झकास गेली. वाटेत तसल्याच पट्ट्यांचे दोघे मेलबर्नवाले भेटले, तर क्लॅरीने ओरडून विचारलं, "एरियलवर रेडिओचं कुठलं स्टेशन लागतंय रे?" ते बिचारे ओशाळं हसून पुढे गेले. लिओनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निलगिरीच्या मोठ्या झाडांपाशी त्याने एक हात सोडला आणि छाती पुढे काढली. "बघ आता, कसा गुपचूप बसतो ते."

टक्! हेल्मेटवर चोच आपटली. पक्षी वळला आणि कानाजवळून फर्रकन गेला.

"अरे, मी आहे! मी!" क्लॅरी ओरडला. पक्ष्याला पातेलं दिसत होतं, क्लॅरी दिसत नव्हता. तिसऱ्या झडपेला म्हातारा सायकलसकट नदीकाठच्या चिखलात आडवा झाला.

"पडलास," लिओनी म्हणाली.

"पडलो नाही. उतरलो."

"तोंडावर?"

त्याने हेल्मेट सोडून रागाने भिरकावलं. मॅगपाय फांदीवर बसून त्याच्या टकलाकडे मान वाकडी करून बघत राहिला. मग खाली उतरला आणि त्याच्या बुटाशी येऊन, जसं काही झालंच नाही अशा थाटात, उभा राहिला. क्लॅरीने खिशातून खिम्याची पुडी काढली. लिओनीने चिखलातली सायकल उचलून झाडाला टेकवली.

"बेंडिगोत मला कोण ओळखणार गं?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तू तर दिवसभर कामावर."

फ्लॅटपासून डॉक्टर जवळ आहे, जिना नाही, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"खोलीला खिडकी आहे," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला स्वतःची लाज वाटली.

मग घर विकण्यासाठी आधीच बोलून ठेवलेल्या दलालाला तिने फोन लावला. "बाबांचं घर विकायचं नाही." पलीकडून त्याने काहीतरी विचारलं असावं. "नाही, घर चांगलं आहे. शेजारी भांडकुदळ आहेत," ती मॅगपायकडे बघत म्हणाली.

फोन ठेवून तिने बापाच्या पुडीतला थोडा खिमा तळहातावर घेतला आणि वाकून पुढे धरला. मॅगपायने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.