आधी सलाम कोणी करायचा

पस्तीस वर्षं मी पोरांना एकच गोष्ट ओरडून सांगत आले: आधी सूचना वाचा, मग लिहायला घ्या. सूचना न वाचता सगळे प्रश्न सोडवणाऱ्या पोराचे मी निर्दयपणे गुण कापायची. आणि नगरला सावेडीतल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्या समुपदेशक बाईंनी चार पानांचा कागद पुढे केला, तेव्हा मी शेवटचं पान उलटलं, दोन ठिकाणी नावं-नंबर भरले, सही ठोकली आणि म्हटलं, "झालं. आता सुरू करू."

"एकदा वाचून घ्या," ती म्हणाली. "घरी नेऊन वाचलंत तरी चालेल."

"मला वाचायला येतं," मी म्हणाले. माझं बोलणं असंच आहे. त्यासाठीच तिथं गेले होते.

माझी एकुलती एक मुलगी पुण्यात नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी ती तिथं थेरपीला जायला लागली आणि भोळेपणानं मला सांगून बसली. मी म्हणाले, वेड्यांच्या डॉक्टरकडे जायला तुला झालंय काय? एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. मी तिच्या त्या बाईंचा नंबर शोधून काढला आणि फोन करून विचारलं की माझी मुलगी तुमच्याकडे माझ्याबद्दल काय सांगते. त्या म्हणाल्या, अशी कोणी व्यक्ती आमच्याकडे येते की नाही, हेही मी सांगू शकत नाही. मग मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आठवड्याभरात मुलीनं नंबर बदलला आणि नवीन मला दिला नाही. तिची खुशाली मला पुणतांब्याच्या माझ्या धाकट्या बहिणीकडून कळायची, तीही तिला वाटेल तेव्हा.

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. केडगावच्या घरात मी एकटी. वर्षभर कुढले आणि मग गुपचूप स्वतःच त्या वाटेला गेले. बाई मुद्दाम आपल्या मंडळीतली नसलेली निवडली, म्हणजे चर्चमध्ये बोभाटा नको.

पहिल्या दिवसापासून ती मला आवडली नाही. पन्नास मिनिटं म्हणजे पन्नास मिनिटं. एकदा पुणे रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकून मी वीस मिनिटं उशिरा पोचले, तर माझी वीस मिनिटं गेली. एका गुरुवारी मी हमसून रडत होते आणि तिनं घड्याळाकडे पाहून सांगितलं की आपल्याला आता थांबावं लागेल. डोळेसुद्धा मी जिन्यात पुसले. नाताळात करंज्यांचा डबा नेला, तर म्हणाली, भेटवस्तू मी घेत नाही, कागदात लिहिलंय. आदल्या दिवशी न कळवता दांडी मारली तर ती भेट झाली असं धरून पैसे घेतात, व्हॉट्सॲपवर मनातलं लिहून पाठवलं तर उत्तर येत नाही, हेही मला एकेक करून ठेच लागल्यावर कळलं. दरवेळी तेच, कागदात लिहिलंय. सहीच्या कागदाची झेरॉक्स तिनं मला दिली होती, तो कागद पर्समध्ये चष्म्याच्या डबीखाली चोळामोळा होत होता. रागानंच मी तो वाचत नव्हते.

मग बहिणीच्या नातवाचा बाप्तिस्मा ठरला, नगरच्याच चर्चमध्ये. मुलगी येणार होती, मावशीबरोबरच उतरणार होती. तीन गुरुवार मी त्या बाईसमोर एकच वाक्य घोटलं. "तू आलीस, बरं वाटलं." एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. पुढे प्रश्न नाही, सल्ला नाही, बारीक झालीस म्हणायचं नाही. पस्तीस वर्षं वर्गापुढे बडबडलेल्या बाईला चार शब्दांवर थांबायला शिकणं किती कठीण जातं, ते मलाच ठाऊक.

उपासना संपली. आवारात मांडवाखाली पुलावाची पानं चालली होती. मुलगी मावशीशेजारी उभी होती, केस कापलेले. मी वाक्य मनात धरून तिच्याकडे निघाले. आणि मध्येच समोरून ती समुपदेशक बाई आली, हातात भेटीची पिशवी घेऊन. बाळाचा बाप तिचा वर्गमित्र निघाला. नगर केवढं, आपण लपणार कुठं?

तिनं मला पाहिलं. नक्की पाहिलं. आणि भिंतीकडे पाहावं तसं पाहून पुढे गेली.

आम्हा ख्रिस्ती मंडळींत वय पाहून चालतात. लहानानं आधी सलाम करायचा, मोठ्यानं तो घ्यायचा. ती आमच्यातली नसली म्हणून काय झालं, नगरची तर आहे. पस्तिशीची पोर माझ्यासारख्या साठीच्या शिक्षिकेसमोरून मान न हलवता जाते, याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो, अपमान. माझं डोकं सटकलं.

"अहो मॅडम," मी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "दर गुरुवारी पन्नास मिनिटं माझं रडणं ऐकता आणि चारचौघांत ओळखही नाही?"

ती वळली, चेहरा शांत. "नमस्कार," म्हणाली. "कार्यक्रम छान झाला." आणि बाळाकडे निघून गेली. त्या शांतपणाचा मला आजही राग येतो.

बहिणीनं माझा दंड धरला. "ताई, लई झालं. लोकं बगत्यात."

मुलगी पुढे आली. दोन वर्षांनी तिनं माझ्याशी उच्चारलेलं पहिलं वाक्य असं होतं, "मम्मी, तू थेरपीला जातेस?"

घोटलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"मला वेडी म्हणालीस," ती म्हणाली. "माझ्या बाईंना फोन करून शिव्या दिल्यास. आणि स्वतः जातेस. कागद दिला असेल ना तुझ्या बाईंनी? कुठंय?"

पर्समधून काढून दिला. मावशीला दूर पाठवून ती गेटजवळच्या कट्ट्यावर बसली आणि चारही पानं वाचली, मी जशी कधी वाचली नाहीत तशी. तिसऱ्या पानावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "तुमची गोपनीयता राखण्यासाठी बाहेर भेट झाल्यास मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तर मी जरूर बोलेन." मग मान वर करून म्हणाली, "ती तुला झाकत होती. तूच बोंब मारलीस."

चूक माझीच निघाली की मला अधिकच राग येतो, तसा आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना.

तिनं शेवटचं पान उलटलं. तिथं लिहिलेलं होतं की जीवाला धोका वाटला तरच या व्यक्तीला फोन केला जाईल, आणि खाली माझ्या अक्षरात तिचं नाव होतं.

"हा नंबर बंद आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग का लिहिलास?"

"दुसरं कोणी नाही."

तिनं कागद गुडघ्यावर सपाट केला. मग पेन मागितलं. जुन्या नंबरावर काट मारून खाली नवा लिहिला आणि कागद माझ्या हातात आपटला. "हा त्यांच्यासाठी आहे. तुझ्यासाठी नाही. कळलं?" डोळे भरलेले होते, आवाज मात्र माझाच होता, तोच वर्गातला. संध्याकाळच्या गाडीनं ती पुण्याला गेली. मला न भेटता.

गुरुवारी मी कागद बाईंपुढे ठेवला. त्यांनी नंबर उतरवून घेतला आणि विचारलं, "तुम्ही लावून पाहिलात का?"

आता कापडबाजारात त्या दिसल्या की मीच आधी सलाम करते, जिवावर येतं तरी. त्यांची पन्नास मिनिटं मला अजून पटलेली नाहीत. तो नंबर मला पाठ आहे. वाणसामानाची यादी विसरते, चष्मा कुठं ठेवला ते विसरते, हे दहा आकडे विसरत नाही. एकदाही लावलेला नाही.