उजव्या पायातलं जोडवं

उजव्या पायाचं बोट जोडव्याभोवती फुगलं होतं. चांदी मांसात रुतून बसली होती. साबण लावला, खोबरेल लावलं, तरी हलेना. गुडघ्यांची, बोटांची सूज कित्येक वर्षांची. वय झालं म्हणून मी कुणाला सांगितली नव्हती. हे मात्र सुनेनं पाहिलं.

जयलक्ष्मीपुरमच्या डॉक्टरीणबाईंनी माझा पाय हातात घेतला तेव्हा मला लाजेनं कुठे पाहावं कळेना. त्या म्हणाल्या, "अम्मा, ही आतली जुनी सूज आहे. गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. साखर, तळलेलं, मैदा कमी करा. रोज चाला, नीट झोपा. आणि हे जोडवं आजच कापू या."

"नको!"

एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. आईच्या पायातली जोडवी कधी काढली, ते मी दारात उभी राहून पाहिलं होतं. आणि आमच्या यांना नुकताच हृदयाचा झटका येऊन गेला होता.

"बोटात रक्त अजून नीट खेळतंय म्हणून थोडं थांबते," त्या म्हणाल्या. "पण बोट काळंनिळं पडलं किंवा बधिर झालं, तर लगेच यायचं."

तेव्हापासून सकाळी डोळे उघडले की आधी यांची छाती वरखाली होते का ते पाहायचं, मग माझं बोट. कॉफीतली साखर सोडली. डोसा-बोंड्याच्या जागी रागीची भाकरी आणि पालेभाजी आली. सुनेनं बूट आणले. साडीवर बूट घालून रस्त्यावर जायची लाज, म्हणून गच्चीत पाण्याच्या टाकीभोवती चालायची.

हे खुर्चीत बसून हसायचे. "काय हो बाई, मिलिटरीत भरती झालात?"

मला हसू येत नसे.

दसऱ्यात शेजारणीकडे मांडलेल्या बाहुल्या पाहायला गेले. तिनं हातावर तुपातलं, गोड पुरणाचं होळिगे ठेवलं. नको म्हणायला जीभ रेटली नाही, खाल्लं. सकाळी बोट जास्तच घट्ट वाटलं. मी यांच्याच जिवावर उठले, असं वाटून दिवसभर यांच्या मागे मागे फिरत होते.

"अगं, सुम्ने बस की, गप एका जागी! माझी सावली झालीस," हे ओरडले.

पुढे हळूहळू गुडघे हलके झाले. एका सकाळी अंघोळ करताना साबणाच्या फेसात जोडवं फिरलं आणि हातात आलं. बोटावर पांढरी खाच राहिली. आनंद व्हायला हवा होता. मी ओल्या अंगावर साडी गुंडाळून बाहेर यांच्याकडे धावले.

"सुटलं ना एकदाचं? मग रडतेस काय?"

"तुम्ही बोला. बोलत राहा."

सूज पुरती जाईपर्यंत ते घालायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मी मंगळसूत्रात ओवलं. आता हेही माझ्याबरोबर गच्चीत चालतात, धापा टाकत, कुरकुरत. मी एक पाऊल मागे राहते. त्यांची धाप ऐकू येत नाहीशी झाली, की हात गळ्याकडे जातो.