समोरच्याची गळकी झाकणं

अख्ख्या अल मलाझ वस्तीत आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाइतका डोकं फिरवणारा प्राणी दुसरा सापडायचा नाही. बँकेत कॉम्प्युटरचं मोठं काम, पण घरी आला की लुंगी लावून आल्याचं फसफसतं सरबत घालत बसतो. दारू नव्हे हो, या देशात तिला बंदी! ते तो कुणी न विचारता जिन्यात सगळ्यांना सांगतो, म्हणून तर संशय येतो. एकदा बिल्डिंगचा हारिस वास काढत वर आला, तर यानं ग्लासच पुढं केला. आता तो राखणदार खाली कमी आणि यांच्या दारात जास्त. सरबतासाठी स्टीलचे उभे डबे मागवलेत. झाकणाला रबरी रिंग, नळीला रिंग, नळाला रिंग, आणि एक तरी गळणारच. मग हा डब्याला कान लावून सूं सूं ऐकत बसतो. खोबरेल लावू नको, रबर फुगतं, हे किती वेळा सांगावं? लावतोच. मग फुगलेली रिंग ओढतो, ताणतो, दातात धरतो आणि बायकोवर ओरडतो.

त्याला डोक्यावर चढवलं माझ्या बायकोनं. "आण इकडं," म्हणायची. रिंग गरम पाण्यात टाकायची, पुसायची, बोटानं कडेकडेनं दाबत बसवायची. थेंब गळायचा नाही. "काकू, जादू आहे हातात." "जादू कसली मेल्या, तुला दम नाही."

ती गेली. इथंच, हॉस्पिटलात. सुतक फिटलं आणि या गाढवानं सवयीनं आमचं दार वाजवलं, "काकूऽ, रिंग!" मी असा खवळलो की माझा मुलगा धावत बाहेर आला. हा तिथंच पायरीवर बसून रडायला लागला. मला आणखी राग आला. माझ्या आधी हा कोण रडणारा?

मग त्याच्या बायकोनं मला बोलावलं. माझ्या बायकोनं शेवटचं बसवलेलं झाकण यानं उघडलंच नव्हतं. डबा फ्रिजात, पण आत जोर धरलेला, झाकणावरचा दाबाचा काटा लाल पट्टीत.

"उघड, मूर्खा. फुटेल. घरात पोर आहे तुझी."

"काकूंनी बसवलंय ते."

"मला सांगतोस?"

"मग तुम्ही उघडा, काका."

मी झाकणाच्या कडीपर्यंत हात नेला, मागं घेतला. त्याला शिव्या घातल्या, सरबताला घातल्या, रबराला घातल्या. मग दोघांनी मिळून कडी ओढली. हवा कितीतरी वेळ जात होती. सरबत पार आंबलेलं, मोरीत ओतलं. रिंगेवर सुरकुती नव्हती. तो ती रुमालात बांधायला लागला.

"ठेवून काय करतोस? कडक होऊन तडकेल. पाणी तापव."

त्यानं तापवलं. माझी बोटं जाड. एका बाजूनं दाबली की रिंग दुसरीकडून वर येते. डबा अजून गळतो. म्हणून रोज संध्याकाळी मला तिकडं जावं लागतं.