खोक्यातून हाइलला गेलेल्या सायकली

मला आयुष्यात एकच काम खात्रीनं येतं, ते म्हणजे खोकं बांधणं. रियाधमध्ये नोकरी करणारा माणूस सुट्टीत गावी जाताना जे काही नेतो ते खोक्यातून नेतो. दुधाची पावडर, खजूर, ब्लँकेट, कुणाच्या तरी मुलाचे बूट. ते खोकं विमानतळावर कुणी आपटलं तरी फुटता कामा नये आणि पट्ट्यावर लांबूनच ओळखू आलं पाहिजे. माझी खोकी नायलॉनच्या दोरीनं उभीआडवी आवळलेली असतात, सहाही बाजूंना माझं नाव असतं आणि चिकटपट्टी इतकी, की घरी पोचल्यावर बायको आधी सुरी शोधते, मग चहा टाकते. बँकेत मी इतकी वर्षं नेमकं काय केलं ते मला धड सांगता येणार नाही, पण खोक्यांवर मी तासभर बोलू शकतो.

गेल्या हिवाळ्यात आमचं फायनल एक्झिट ठरलं. म्हणजे नोकरी संपली, इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना परत करायचा आणि कायमचं ठाण्याला. घरभर रिकामी खोकी येऊन पडली होती आणि मी अगदी फॉर्मात होतो. बायकोची मात्र एक गोष्ट राहिली होती, आणि ती कुठल्याच खोक्यात मावण्यासारखी नव्हती.

ती इथे सायकल शिकली. चाळिशी उलटल्यावर. लहानपणी महाडला तिच्या भावांना सायकल होती आणि हिला भरतकामाचा क्लास. इथे आमच्या कंपाउंडच्या भिंतीआड एक वाटोळा रस्ता आहे, त्यावर मी तिला शिकवलं, असं मी चारचौघांत सांगतो. खरी गोष्ट अशी, की मी सीट धरून मागे पळायचो, ती "सोडा" म्हणायची आणि मी सोडायचो नाही. एकदा माझ्या बुटाची नाडी सुटली म्हणून मी थांबलो, आणि ती निघून गेली. तिच्या शिक्षणातला माझा वाटा एवढाच.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी टोपलीवाल्या जुन्या सायकलवर फेऱ्या मारायची. त्या वाटोळ्या रस्त्यावर जरा वेग आला की वळण. पुन्हा वेग, पुन्हा वळण. एक दिवस भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मला एकदा सरळ जायचंय. ठाण्याला गेल्यावर काही मी घोडबंदर रोडवर सायकल काढणार नाही. जे काय व्हायचं ते इथंच."

तिनं इतक्या वर्षांत माझ्याकडे फार थोड्या गोष्टी मागितल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच मी 'बघू' म्हणून टाळल्या आहेत. या वेळी मी 'बघू' म्हटलं नाही. माझ्या बँकेतला एक सौदी मित्र हाइलचा. त्याच्या भावांची तिकडे गव्हाची शेती आहे आणि दर हिवाळ्यात हा आपला मोठा ट्रेलर घेऊन शेताच्या कडेला महिनाभर मुक्काम टाकतो. मी त्याला सायकलचं सांगितल्यावर तो म्हणाला, "आमच्या शेतातून हमरस्त्याला जाणारी वाट सरळ आहे. माझ्या भावाच्या ट्रॅक्टरशिवाय तिथे कुणी नसतं. तुम्ही दोघं दोन दिवस ट्रेलरमध्ये राहा, मी भावाकडे झोपेन. खलास."

त्याच्या बाजूनं खलास होतं. माझ्या बाजूनं तिथून सुरू झालं, कारण सायकली न्यायच्या कशा, हा प्रश्न मी हाती घेतला.

हा ट्रेलर ज्या जातीचा होता त्याला फिफ्थ-व्हील म्हणतात. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या हुकला अडकतो. हा पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या जोडावर पुढचा भार टाकून रेलतो. म्हणजे हौदा गेला, तिथे सायकल ठेवता येत नाही. पिकअपच्या टपावर बांधावी, तर वळताना ट्रेलरचं पुढे आलेलं नाक तिला चिरडतं. ट्रेलरच्या मागे टांगावी, तर ते शेपूट खड्ड्यात इतकं उडतं की सायकल वाटेत कधी गळून पडली ते कळतही नाही. हे सगळं ज्ञान मी पंधरवडाभर व्हिडिओ बघून मिळवलं. अमेरिकेतले निवृत्त लोक सायकल टांगायच्या स्टँडच्या वेल्डिंगला पडलेल्या चिरा दाखवत होते आणि मी सोफ्यावर बसून माझ्याच सायकली मोडल्यासारखा हळहळत होतो.

बायको म्हणाली, "ट्रेलरच्या आत बिछाना आहे ना? त्यावर जुनी चादर घाला आणि आडव्या ठेवा."

इतका सोपा उपाय मला अपमानास्पद वाटला. शिवाय माझी सायकल काही साधी नव्हती. डॉक्टरांनी साखरेबद्दल आवाज चढवला तेव्हा मी ती घेतली होती, काळी, हलकी, एका हातानं उचलता येणारी. साखर आहे तिथेच राहिली. सायकल मात्र मी दर शुक्रवारी मऊ फडक्यानं पुसायचो आणि तिला कुणालाही हात लावू देत नसे. "कुणालाही" म्हणजे घरात दुसरं होतंच कोण?

मग मी माझी कला कामाला लावली. दोन्ही सायकलींची पुढची चाकं काढली, हँडल फिरवलं, सीटा उतरवल्या, पायडलं खोलली आणि चारही पायडलं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकली. सांगाडे ब्लँकेटमध्ये गुंडाळून दोन मोठ्या खोक्यांत घातले. दोरी, चिकटपट्टी, पुन्हा दोरी. सहाही बाजूंना नाव, फोन नंबर आणि 'नाजूक वस्तू, वरची बाजू इकडे'.

"हे वाचणार कोण?" बायकोनं विचारलं. "ट्रेलरच्या आत आपल्याशिवाय कुणी येणारे का?"

मी म्हणालो, "पद्धत असते."

निघायच्या दिवशी सकाळी रियाधच्या कडेला अल सुलैमधल्या गाड्यांच्या यार्डात मित्र ट्रेलर जोडून उभा होता. माझी खोकी बघून तो दोन्ही बाजूंनी फिरला, नाव वाचलं आणि म्हणाला, "हाइलला चाललोय आपण. तू इंडियाला निघालास का?" बायको पिकअपच्या मागच्या सीटवर पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, ती एवढी हसली की डबा कलंडला. खोकी ट्रेलरमधल्या बिछान्यावर चढवली. चादर घालून.

रस्ताभर मी दर पेट्रोल पंपावर उतरून खोकी बघून यायचो. ती जिथे ठेवली तिथेच असायची आणि मला उगाच अभिमान वाटायचा. कसीमच्या पुढे गाडी वाळूवरून एकदा जोरात उडाली तेव्हा मी मागे वळून बायकोला म्हणालो, "बघ, मागे टांगल्या असत्या तर?" ती खिडकीबाहेर बघत होती. रस्ता बाणासारखा सरळ होता आणि ती बहुतेक मनातल्या मनात तो चालवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी कडाक्याची होती. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना गहू घोट्याएवढा आला होता. शेतं मात्र वाटोळी, कारण पाण्याचा लांब पाइप मध्यावरून गोल फिरत पाणी देतो. ती बघून बायको म्हणाली, "इथंही गोलच?" मी तिला दोन शेतांमधून जाणारी वाट दाखवली. पक्की, रिकामी, शेवटी हमरस्त्यावरचे ट्रक मुंगीएवढे. आत जाऊन तिनं कॅन्व्हासचे बूट घातले, ओढणी घट्ट बांधली आणि येऊन पायरीवर बसली.

आणि मी खोकी सोडायला घेतली. माझ्या गाठी सुटत नसतात, त्यातच त्यांचं मोठेपण आहे. सुरीनं दोरी कापली, पट्टी ओरबाडली. ती बसलीच होती. चाकं बसली, हँडल सरळ झालं, सीटा चढल्या. राहिली पायडलं.

सायकलच्या डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे मला पाठ होतं. व्हिडिओतल्या माणसानं ते चारदा सांगितलं होतं. पण बरणीतून चार पायडलं एकदम हातात आली, बोटं गारठलेली, आणि पायरीवर बसलेली बायको बघतेय. माझ्या सायकलची दोन नीट बसली, पण घाईघाईत मी तिच्या सायकलच्या डाव्या बाजूला उजवं पायडल लावलं. ते जाईना. मी पाना घेतला आणि सगळं वजन टाकलं. ते गेलं. करकर असा आवाज आला, तेव्हाच खरं तर मला कळलं होतं. पायडल बाहेर काढलं तर आटे पार गेलेले. मग बरोबर पायडल शोधून लावलं, ते दोन बोटांत धरून सहज बाहेर आलं.

मी पुन्हा लावलं. पुन्हा आलं. सहाशे किलोमीटर मी तिच्या सायकलवर ओरखडासुद्धा येऊ दिला नव्हता, आणि पोचल्यावर स्वतःच्या हातानं मोडली होती. मला तोंड वर करून बघायची लाज वाटत होती.

"मोडली का?" तिनं विचारलं.

"आटे गेले."

तिनं त्या वाटेकडे बघितलं. चिडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "असू दे. इथपर्यंत आलो ना. गहू बघितला."

ते 'असू दे' मला ओळखीचं होतं. गेल्या कितीतरी वर्षांत ते मी ऐकलं होतं आणि दर वेळी माझी सुटका झाली म्हणून खूश झालो होतो. या वेळी झालो नाही. माझ्यामागे माझी काळी सायकल उभी होती, सगळं जागच्या जागी, आणि तरी, खरं सांगतो, मी आधी काय बोललो असेन? "माझी तुला उंच पडेल."

"खाली करा," ती म्हणाली.

मी सीट खाली केली. अगदी शेवटपर्यंत. ती नळीवरून पाय टाकून बसली आणि मी सवयीनं सीट मागून धरली. थोडं पळालो. "सोडा," ती म्हणाली. मी अजून थोडं पळालो. "अहो, सोडा." मग मी सोडलं, आणि या वेळी बुटाची नाडी शाबूत होती.

ती गेली. सुरुवातीला डुगडुगली, मग नाही. वळण येईल म्हणून तिनं सवयीनं एकदा खांदा डावीकडे झुकवला, पण वळण नव्हतंच. ओढणी सुटून मागे उडायला लागली. ती लहान लहान होत गेली आणि मला एकदम भीती वाटली. कसली ते आजही सांगता येत नाही. मी तिची टोपलीवाली सायकल उचलली आणि तिच्यावर बसलो. उजव्या पायानं पायडल, डाव्यानं जमीन रेटायची. टोपली खडखडत होती, घंटी आपोआप वाजत होती. बांधावर ट्रॅक्टर थांबवून मित्र आणि त्याचा भाऊ उभे होते. "यल्ला, यल्ला," मित्र ओरडला. त्याच्या भावानं मोबाइल काढला.

हमरस्त्याच्या तोंडाशी ती उतरून उभी होती. गाल लाल झाले होते. मला धाप लागली होती.

"तुम्ही कशाला आलात?" ती म्हणाली. "येतच होते मी. फक्त ही जड सायकल मला वळवता येत नाहीये."

जड कुठली, एका हातानं उचलली जायची. मी ती उचलली आणि तिचं तोंड ट्रेलरकडे केलं. ती बसली. मी सीट धरली.

या वेळी तिनं "सोडा" म्हटलं नाही. मी आपणहून सोडायची वाट बघत ती नुसती थांबली. मी हात काढून घेतला, तेव्हा ती निघाली.